एलएम७५ तापमान सेन्सर लिनक्सला जोडायचाय, ड्रायव्हर लिहावा लागेल का?

वायरवेडा · रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

घरी एक जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो. डेबियन आहे, फोटोंचा बॅकअप वगैरे त्यावरच. तो ठेवलाय माळ्यावर, आणि वर पत्रा. दुपारी तिथे उभं राहवत नाही. 'सेन्सर्स' कमांड दिली की प्रोसेसरचं तापमान दिसतं. मला त्याच यादीत खाली खोलीचंही तापमान दिसायला हवंय. वेगळं अॅप नको, वेगळी स्क्रिप्ट नको.

त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलएम७५ चा छोटा जांभळा बोर्ड आणलाय. नेटवर शोधलं तर कोणी म्हणतं कर्नल (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर लिहा, कोणी म्हणतं पायथॉन वापरा, कोणी म्हणतं रास्पबेरी पाय घ्या. सी थोडंफार येतं. कर्नलमध्ये कधी हात घातलेला नाही. नक्की करायचं काय?

लोकलवाला · १०:२०

खिडकी उघडा, हात बाहेर काढा. ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे.

बाइटभाऊ · १०:३१

बोर्ड कळला, पण तो संगणकाला लावलाय कशाने? डेस्कटॉपला आयटूसीच्या (चिपा दोन तारांवर आपसात बोलतात ती पद्धत) पिना बाहेर नसतात. मधे काहीतरी यूएसबीवालं असणार. त्यातली चिप कोणती ते सांगा, नाहीतर सगळे हवेत गोळीबार करतील.

वायरवेडा · १०:५०

हो, ते राहिलंच. एमसीपी२२२१ चा यूएसबी-आयटूसी बोर्ड आहे. दुकानदाराने दोन दाखवले होते, दुसरा सीएच३४१ वाला स्वस्त होता. चार तारा जोडल्या: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए (डेटा), एससीएल (क्लॉक). कोणत्या पत्त्यावर चिप आहे ते शोधणारं आयटूसी-डिटेक्ट चालवलं तर एक इशारा येतो आणि तक्त्यातला बराच भाग कोराच राहतो. सेन्सरचा पत्ता ४८ असायला हवा, त्या जागी काहीच नाही.

सिस्टिमबाई · दुपारी १२:०५

एमसीपी२२२१ घेतलात ते बरं केलंत. त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच आहे, हिड-एमसीपी२२२१ नावाने. सीएच३४१ च्या आयटूसीसाठी बाहेरचं मॉड्यूल बांधत बसावं लागतं आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच.

कोऱ्या तक्त्याचं कारण सोपं आहे. आयटूसी-डिटेक्ट बहुतेक पत्त्यांवर 'क्विक राइट' नावाचा प्रकार करून बघतं. तुमच्या अडॅप्टरला तो जमत नाही, म्हणून ते पत्ते तो सोडूनच देतो. इशाऱ्यात हेच लिहिलेलं असतं, पण इशारे वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. कमांडला 'मायनस आर' जोडा, म्हणजे तो वाचून बघेल. ४८ दिसायला हवा.

आता मूळ प्रश्न. ड्रायव्हर लिहायचा नाहीये. एलएम७५ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षं आहे, हार्डवेअर मॉनिटरिंगच्या, म्हणजे एचडब्ल्यूमॉनच्या विभागात. तुमच्या डेबियनमध्ये तो मॉड्यूल म्हणून आत्ताही पडून आहे. अडचण एवढीच की कर्नलला माहीतच नाही की तुमच्या त्या तारेवर एलएम७५ बसलाय.

यूएसबी उपकरण लावलं की ते स्वतःच आपला निर्माता क्रमांक, उत्पादन क्रमांक सांगतं. आयटूसीचं तसं नाही. ती पाट्या नसलेली गल्ली आहे. दार वाजवलं तर आतून 'ओ' येते, पण कोण राहतं ते कळत नाही. साध्या एलएम७५ मध्ये ओळख सांगणारा रजिस्टरच (चिपमधला आकड्याचा कप्पा) नाही. त्यामुळे कर्नल अंदाज बांधायच्या भानगडीत पडत नाही, त्याला तुम्ही सांगायचं असतं.

सांगायची पद्धत अशी: सिस्-फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक आयटूसी बसच्या फोल्डरात 'न्यू-डिव्हाइस' नावाची फाइल असते. रूट होऊन त्या फाइलीत चिपचं नाव आणि पत्ता लिहायचा: 'एलएम७५', मोकळी जागा, मग हेक्स ४८. बस. ड्रायव्हर आपोआप लोड होतो, आणि 'सेन्सर्स'च्या यादीत नवी नोंद येते. काढायचं असेल तर शेजारच्या 'डिलीट-डिव्हाइस' फाइलीत पत्ता लिहा.

बाइटभाऊ · १२:११

वाखूसा (वाचनखूण साठवली). बाई, याचा स्वतंत्र लेख करा.

जुगाडू_जाधव · १२:४०

यूएसबी अडॅप्टर कशाला घेतला? एचडीएमआय केबलमध्ये आयटूसी असतंच की! मॉनिटरची माहिती वाचायला ग्राफिक्स कार्ड तेच वापरतं. १५ नंबरला एससीएल, १६ ला एसडीए, १८ ला ५ व्होल्ट. जुनी केबल कापा, सेन्सर लावा. फुकट.

सिस्टिमबाई · १२:५८

@जुगाडू_जाधव, चालतं, मीही पाहिलंय. पण वाचणाऱ्या नवख्यांसाठी: ५ व्होल्टचा पुलअप (तार वर खेचून धरणारा रोध) आणि ३.३ चा सेन्सर असेल तर चिप जाऊ शकते, आणि तारेने शॉर्ट केलंत तर ग्राफिक्स कार्डाचं पोर्ट जातं. शिवाय बस निवडताना नंबर चुकून मदरबोर्डच्या एसएमबसवर (आयटूसीचीच बहीण) गेलात तर तिथे ५० ते ५७ या पत्त्यांवर रॅमच्या स्वतःच्या ईईप्रॉम (माहिती साठवणाऱ्या चिपा) बसलेल्या असतात. तिथे भलतंच काही लिहिलं गेलं तर संगणक चालू व्हायला नकार देऊ शकतो. जुन्या आयबीएम थिंकपॅडमध्ये असाच प्रकार होऊन ईईप्रॉम खराब झाल्याच्या नोंदी एलएम-सेन्सर्सच्या कागदपत्रांत आहेत. साठ-सत्तर वर्षांच्या सासऱ्यांचा संगणक असेल तर अजिबात नको.

जुगाडू_जाधव · १:०२

सासऱ्यांचाच होता. पण चालू आहे अजून.

वायरवेडा · ३:३०

मायनस आरने ४८ दिसला! खूप आभार. न्यू-डिव्हाइस करायच्या आधी म्हटलं हाताने वाचून बघू. रजिस्टर शून्य, वर्ड मोड (दोन बाइट एकदम). उत्तर आलं हेक्स ८०१डी. दशमानात ते ३२,७९७. अंश सेल्सिअस?

नागपुरी_तर्री · ३:३४

आमच्याकडे मे महिन्यात एवढं चालतं. कूलर लावा.

बाइटभाऊ · ३:४९

बाइट उलटे आलेत. एलएम७५ मोठा बाइट आधी पाठवतो, एसएमबसचा नियम लहान बाइट आधीचा. त्यामुळे वर्ड मोडमध्ये अदलाबदल होते. खरा आकडा १डी८०. पहिला बाइट १डी म्हणजे २९ अंश, दुसऱ्याचा सर्वांत वरचा बिट १ म्हणजे आणखी अर्धा. २९.५. माळ्यावर दुपारी साडेतीन वाजता २९.५ कमी वाटतंय का?

वायरवेडा · ३:५५

नाही, आत्ता बोर्ड खाली हॉलमध्ये आणलाय, लॅपटॉपला लावून बघतोय. बरोबरच आहे.

पायथॉनप्रेमी · ४:२०

एक विरोधी सूर लावतो. एवढं सगळं कशाला? आयटूसी-डेव्ह मॉड्यूल लोड करा, पायथॉनच्या एसएमबस लायब्ररीने दोन बाइट वाचा, उलटे करा, २५६ ने भागा. दहा ओळींचं काम. कर्नल ड्रायव्हर म्हणजे मशिन लटकवायची हमखास सोय. मी तर सगळे सेन्सर यूझरस्पेसमधूनच (कर्नलच्या बाहेरून) वाचतो, काही बिघडलं तर स्क्रिप्ट मरते, मशिन नाही.

सिस्टिमबाई · ५:१०

@पायथॉनप्रेमी, स्वतः कर्नल मॉड्यूल लिहिण्याबद्दल बोलत असाल तर पटलं. पण इथे तयार ड्रायव्हर आहे, हजारो मशिनवर चाललेला. तो वापरला की आकडा एचडब्ल्यूमॉनच्या ठरलेल्या जागी येतो: टेम्प१-इनपुट नावाची फाइल, मिलिअंशात. मग 'सेन्सर्स' वाचतं, प्रोमिथियसचा नोड एक्सपोर्टर वाचतो, ग्राफाना आलेख काढतं. त्यांतल्या एकालाही एलएम७५ म्हणजे काय हे माहीत असायची गरज नाही. तुमच्या दहा ओळींचा आकडा फक्त तुमच्या दहा ओळींना कळतो. धागाकर्त्याला नेमकी तीच यादी हवी आहे ना, 'वेगळी स्क्रिप्ट नको' असं वरच लिहिलंय.

आणि दोन्ही एकाच वेळी करू नका. ड्रायव्हरने पत्ता ताब्यात घेतला की आयटूसी-डिटेक्टमध्ये ४८ च्या जागी 'यूयू' दिसतं आणि पायथॉनला 'बिझी'चं उत्तर मिळतं. ते बिघडणं नाही, बरोबर चालल्याची खूण आहे.

पायथॉनप्रेमी · ५:१८

आलेखाचा मुद्दा मान्य. पण जिथे तयार ड्रायव्हर नाही तिथे माझंच खरं.

बाइटभाऊ · ५:२५

ते मान्य. उदाहरणार्थ ते यूएसबीचं 'टेम्पर' नावाचं पांढरं काडीसारखं सेन्सर. कर्नल त्याला कीबोर्ड-माउसच्या जातीतलं समजतो, तापमान हवं तर हिडरॉमधून, म्हणजे उपकरणाच्या कच्च्या डेटातून, स्क्रिप्टनेच काढावं लागतं.

निफाडकर · रात्री ८:४५

धागा चांगला चाललाय, मधे घुसतो. आमच्या कांदा चाळीत रास्पबेरी पायला डीएस१८बी२० तापमान सेन्सर लावलेत, ते वॉटरप्रूफ, लांब वायरवाले. डब्ल्यू१-जीपीआयओ आणि डब्ल्यू१-थर्म हे कर्नलचेच ड्रायव्हर. जवळचे नीट चालतात. चाळीच्या दुसऱ्या टोकाचा मधूनच ८५ अंश दाखवतो. ८५ खरं असतं तर कांद्याची भजीच झाली असती. सेन्सर बदलून पाहिला, तरी तेच.

सिस्टिमबाई · ९:१५

८५ हा डीएस१८बी२० चा चालू होतानाचा आकडा आहे. म्हणजे सेन्सर मोजणी पूर्ण करायच्या आत त्याची वीज गेली आणि तो नव्याने सुरू झाला. बारा बिटांना मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ वीज टिकायला हवी. दोनच तारांवर, म्हणजे पॅरासाइट पद्धतीने चालवताय का?

निफाडकर · ९:२२

तीन तारा. पण सगळ्या वायरी पायच्या डब्यात एकत्र आणून जोडल्यात.

बाइटभाऊ · ९:४०

तिथेच गोम आहे. वन-वायरला (तुमचे सेन्सर ज्या पद्धतीने बोलतात ती) चांदणी जोडणी सोसत नाही. एकच मुख्य केबल चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि प्रत्येक सेन्सर त्यातून छोट्या फाट्याने काढा. पुलअप ४.७ किलोओहमचा असेल तर २.२ करून बघा. आणि शेवटच्या सेन्सरपाशी व्होल्टेज मोजा, बारीक तारेत ३.३ पैकी किती पोहोचतंय ते कळेल.

अजून एक: सेन्सर नकली असू शकतात. बाजारात सर्रास आहेत. फोल्डराचं नाव २८-०००० ने सुरू होत नसेल तर संशय घ्या.

निफाडकर · ९:५१

दोनच २८-०००० वाले, बाकीचे २८-३सी०१. म्हणजे बहुतेक सगळे डुप्लिकेट निघाले. जोडणी मात्र बदलतो, सुट्टीच्या दिवशी.

शेतकरी_अभियंता · १०:३०

@निफाडकर दादा, सेन्सरवर खर्च करताय तर आर्द्रता आधी मोजा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत साठवणीला २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता असं दोन्ही येतं. पावसाळ्यात कांदा सडतो तो आर्द्रतेने. एसएचटी३१ घ्या, त्याचाही कर्नल ड्रायव्हर आहे, एसएचटी३एक्स नावाने, पत्ता ४४ किंवा ४५. डीएचटी११ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

निफाडकर · १०:३८

डीएचटी११ आहे एक. दर दुसऱ्या वेळी वाचताना एरर देतो.

शेतकरी_अभियंता · १०:४०

म्हणूनच म्हटलं.

डॉक्टरीण · ११:१५

अवांतर: आमच्या दवाखान्यात लसींच्या फ्रिजला (२ ते ८ अंश) असाच सेन्सर लावलाय. दार उघडलं की आकडा उडी मारायचा आणि अलार्म बोंबलायचा. आता प्रोब ग्लायकोलच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवलाय. लसीच्या कुपीतलं तापमानही तितक्याच हळू बदलतं, त्यामुळे खोटे अलार्म बंद. ड्रायव्हरबिव्हर भाच्याने केलंय, मला विचारू नका.

वायरवेडा · सोमवार, रात्री ८:०५

न्यू-डिव्हाइस चाललं! 'सेन्सर्स'च्या यादीत आलं. पण दोन शंका.

एक, बोर्ड माळ्यावर नेला तर भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा तीन-साडेतीन अंश जास्त दाखवतो. दोन, मशिन बंद करून चालू केलं की सेन्सर दरवेळी ४८ वर नसतो. कधी ४८, आज सकाळी ४ए.

सिस्टिमबाई · ९:००

दुसरी आधी. एलएम७५ ला ए०, ए१, ए२ अशा तीन पत्त्याच्या पिना असतात, त्यावरून ४८ ते ४एफ यांपैकी पत्ता ठरतो. काही जांभळ्या बोर्डांवर त्या कशालाच जोडलेल्या नसतात, मागे सोल्डरचे ठिपके दिलेले असतात ते आपण जोडायचे. तरंगत ठेवल्या की त्या दिवसाच्या मर्जीप्रमाणे पत्ता. तिन्ही ग्राउंडला सोल्डर करा, कायमचा ४८.

हेही लक्षात ठेवा की या पत्त्यांवर गर्दी आहे. टीएमपी१०२, एडीएस१११५, पीसीएफ८५९१ या दुसऱ्या चिपाही इथेच राहतात. पीसीएफ८५९१ ला 'हा एलएम७५ आहे' असं सांगितलंत तरी कर्नल विश्वास ठेवील आणि काहीतरी आकडा दाखवील.

पहिली: बोर्ड ठेवलाय कुठे?

वायरवेडा · ९:०४

कॅबिनेटच्या मागे. केबल तेवढीच आहे.

नागपुरी_तर्री · ९:०६

पंख्याच्या गरम हवेत ठेवून खोली गरम आहे म्हणताय होय?

बाइटभाऊ · ९:२०

तर्रीभाऊ बरोबर. एलएम७५ स्वतः नगण्य वीज खातो, तो स्वतःच्या उष्णतेने तीन अंश वर जाणार नाही. पण तो मोजतो बोर्डाच्या तांब्याचं तापमान. यूएसबी अडॅप्टर शेजारी, कॅबिनेटची हवा समोर. यूएसबीची लांब एक्स्टेन्शन घ्या आणि अडॅप्टरसकट बाहेर आणा. आयटूसीच्या तारा मात्र लांबवू नका, बसवर ४०० पिकोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटन्स चालत नाही.

आणि मूळ एलएम७५ ची अचूकताच अधिक-उणे २ अंश आहे. चिपवर बारीक अक्षरात काय छापलंय?

वायरवेडा · ९:३५

भिंगातून बघितलं. एलएम७५बीडी.

सिस्टिमबाई · ९:४८

मग न्यू-डिव्हाइसमध्ये 'एलएम७५बी' लिहा. 'एलएम७५' लिहिलंत तर ड्रायव्हर ९ बिटच वाचतो, अर्ध्या अंशाच्या पायऱ्या. 'बी'ला ११ बिट, ०.१२५ ची पायरी. चिप तीच, आकडा गुळगुळीत.

पायथॉनप्रेमी · १०:०२

तपासायचं असेल तर उकळत्या पाण्यात १०० अंश येतो का बघा.

सिस्टिमबाई · १०:१०

पुण्यात नाही येणार. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. त्यापेक्षा बर्फ कुटून थोड्या पाण्यात मिसळा, बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून त्यात ठेवा, दहा मिनिटांनी शून्य यायला हवं. जो फरक येईल तो एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलीत 'कंप्यूट'च्या ओळीने वजा करता येतो. तिथेच 'लेबल' पण बदलता येतं.

वायरवेडा · मंगळवार, रात्री १०:३०

सोल्डर केलं, एक्स्टेन्शन आणली, 'माळा' असं मराठीत लेबल दिलं. यादीत दिसतंय. बर्फात ०.६ दाखवत होता, तेवढे वजा केले.

आता एकच. तयार ड्रायव्हर आहे हे कळलं, तरी शिकण्यासाठी स्वतः लिहायचा झाला तर किती मोठं काम आहे?

सिस्टिमबाई · बुधवार, सकाळी ७:४०

शिकायला एलएम७५ पेक्षा चांगली चिप नाही. शंभरेक ओळींत होतं. तीन भाग लक्षात घ्या.

पहिला, नावांची यादी. न्यू-डिव्हाइसमध्ये तुम्ही जे नाव लिहिता ते या यादीत जुळलं की कर्नल तुमचं 'प्रोब' फंक्शन बोलावतो. वेगळं नाव द्या, 'माळा७५' असं काहीतरी इंग्रजी अक्षरांत, म्हणजे मूळ ड्रायव्हरशी भांडण नाही. दुसरा, प्रोबमध्ये एचडब्ल्यूमॉनकडे नोंदणी: माझ्याकडे एक तापमान आहे, वाचायचं असेल तर हे फंक्शन बोलवा. तिसरा, ते वाचायचं फंक्शन.

कर्नलमध्ये दशांश अपूर्णांक वापरत नाहीत, म्हणून सगळं पूर्णांकात. तुमचाच आकडा घ्या: १डी८० म्हणजे ७५५२. सात बिट उजवीकडे सरकवले की ५९. गुणिले ५००, आले २९,५०० मिलिअंश. उलटे बाइट सुलट करून देणारं 'स्वॅप्ड' फंक्शन कर्नलमध्ये तयार आहे, हाताने करू नका. आणि उणे तापमानासाठी चलाचा प्रकार चिन्हासहित १६ बिटांचा घ्या, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवलात की २५० अंश दिसतील.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर स्वतः बांधलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. सही करून किल्ली नोंदवा, किंवा सरळ व्हर्च्युअल मशिनमध्ये यूएसबी अडॅप्टर देऊन तिथे खेळा. पायथॉनप्रेमींची मशिन लटकण्याची भीतीही मिटते.

पायथॉनप्रेमी · ८:१५

व्हर्च्युअल मशिनवाली आयडिया आवडली. मीही करून बघतो.

बाइटभाऊ · ८:५०

वायरवेडा, एक राहिलं. न्यू-डिव्हाइसची नोंद रीबूटनंतर जाते, आणि बसचा नंबरही दरवेळी तोच राहील असं नाही. यूडेव्हचा (उपकरण जोडलं की ठरलेलं काम करणारा लिनक्सचा भाग) एक नियम लिहा: आयटूसी अडॅप्टरच्या नावात एमसीपी२२२१ आलं की त्याच्याच न्यू-डिव्हाइस फाइलीत 'एलएम७५बी' आणि पत्ता लिहायचा. आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमलाही एचडब्ल्यूमॉन३, एचडब्ल्यूमॉन४ असे नंबर देऊ नका, तेही हलतात. फोल्डरातल्या 'नेम' फाइलीवरून शोधा.

वायरवेडा · ९:०५

हेच विचारणार होतो. रात्री वीज गेली होती, सकाळी 'माळा' गायब. नियम लिहून टाकतो.

निफाडकर · ९:३०

मुख्य केबल ओढली. रात्रभर एकदाही ८५ आला नाही. शेवटच्या टोकाला ३.१ व्होल्ट मिळतायत. एसएचटी३१ ची ऑर्डर दिली, पण चाळीत तो धुळीपासून झाकायचा कसा?

शेतकरी_अभियंता · ९:४१

पीटीएफईची जाळी असलेली टोपी मिळते, तीच घ्या. कापड गुंडाळू नका, ते ओल धरतं आणि तुम्ही कापडाची आर्द्रता मोजत बसाल.